बदलीवाल्या गोगलगायी

एका रविवारी मी एकदम सत्तेचाळीस जणांना कामाला लावलं, आणि घरात काम म्हणाल तर काहीच नव्हतं.

वीस हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात शिरून संसार करणारे ते खेकडे, बारा टर्बो गोगलगायी, चौदा नॅसॅरियस गोगलगायी आणि वाळू चाळणारा एक तारामासा. दुकानदाराने हिशोब तोंडावर फेकला होता, "भिया, एक गॅलन पे एक, पूरी दुनिया में यही चलता है, आप तो पूरी टीम ले जाओ." माझी समुद्री माशांची काचेची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण १८० लिटर, म्हणजे सत्तेचाळीस गॅलन. माणूस गणितात सापडला की डोकं बाजूला ठेवतो तसं माझं झालं, हिशोब जुळतोय ना मग घ्या. सगळ्या पिशव्या स्कूटरच्या पुढे पायाशी ठेवून राजवाड्याच्या गर्दीतून रामबागेत घरी आणल्या, ब्रेक मारताना आतले शंख एकमेकांवर आपटून कटकट वाजायचे, आणि सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वाकून बघत म्हणाला, "खाने के हैं क्या?"

आता इंदूरात समुद्र कशाला, हा प्रश्न सगळेच विचारतात. आमच्या घराण्याला इथे चार पिढ्या झाल्या, समुद्र म्हणजे मुंबईला लग्नाला गेलं की दादरच्या चौपाटीवर अर्धा तास, पाय भिजवायचे आणि चपला हातात घेऊन परत. आमच्या नळाला येते ती नर्मदा, तीसुद्धा जलूदहून पंप करकरून घाट चढवून आणलेली. त्या पाण्याला मी आरओतून काढतो, निळ्या ड्रममध्ये भरतो आणि लिटरला ३५ ग्रॅम या मापाने समुद्राचं मीठ घालून रात्रभर घुसळत ठेवतो. सकाळी खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये डोळा लावून १.०२५ दिसलं की माझा समुद्र तयार. बायको म्हणते, "अहो, आधी पाण्यातले क्षार काढायला मशीन लावायचं आणि मग विकत आणून घालायचे, हे फक्त तुम्हालाच सुचू शकतं." तिचं बरोबर आहे, पण नळाच्या पाण्यात काय काय असतं ते शेवाळालाच जास्त आवडतं, त्याला इलाज नाही.

टाकीत त्याआधी पाच आठवडे फक्त कोरडे दगड, पांढरी वाळू आणि पाणी होतं. या काळात दगडांवर ते बॅक्टेरिया वसतात जे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते वसल्याशिवाय आत काहीही सोडलं की मेलंच समजा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं त्याच दिवशी मी दुकानात पळालो. मासा लगेच नको, आधी सफाईवाले सोडा, असं जिकडेतिकडे वाचलेलं. त्यातला "आधी" तेवढा मी उचलला, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर हे बघितलंच नाही.

सगळ्यांना टाकीत सोडायच्या आधी एक विधी असतो, तो मात्र मी नीट केला. गोगलगायीला पाण्यातल्या मिठाचा एकदम बदल सोसत नाही, माशापेक्षाही कमी सोसतो, म्हणून पिशव्या बादलीत रिकाम्या करून त्यात टाकीचं पाणी थेंब थेंब सोडायचं. त्यासाठी मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला होता, त्याचं ते चाक फिरवून सेकंदाला दोन-तीन थेंब लावायचे आणि तास-दीड तास बसायचं. बादलीत सत्तेचाळीस पेशंट, वर टांगलेली नळी, आणि शेजारी खुर्ची टाकून आमचे बाबा.

बाबा कापडगिरणीत होते. साचाखात्यात, म्हणजे मागांवर, आधी विणकर आणि मग बरीच वर्षं जॉबर, म्हणजे मुकादम. गिरणी कधीच बंद पडली, बाबा आता एक्क्याऐंशीचे आहेत, पण कुठेही चार जण काम करताना दिसले की ते मनातल्या मनात मोजतात. लग्नात वाढपी मोजतात, रस्ता खणणारे मोजतात. बादलीत वाकून त्यांनी विचारलं,

"यांचं काम काय?"

"शेवाळ खाणं, टाकी साफ ठेवणं."

"कुठाय शेवाळ?"

मी टाकीकडे बघितलं. दगड दुधासारखे पांढरे, काच नवी कोरी. म्हटलं, "येईल ना आता."

"येईल तेव्हा येईल. आज संध्याकाळी हे काय खाणार?"

मी म्हटलं बाबा तसं नसतं ते, निसर्ग असतो, बॅलन्स होतो आपोआप. हे वाक्य मी तेव्हा कुठल्या तोंडाने बोललो देव जाणे. बाबा काही बोलले नाहीत, उठून गेले आणि एलआयसीची एक जुनी डायरी घेऊन आले, तारीख घातली आणि लिहिलं, हजर ४७.

पुढचे तीन आठवडे त्या डायरीत आकडा फक्त खाली गेला.

सगळ्यात आधी तारामासा. हा प्राणी वाळूत फिरत वाळूतले बारीक किडे, जीव खातो, आणि माझी वाळू महिन्याभरापूर्वी पिशवीतून ओतलेली, तिच्यात होतं काय? जुन्या मोठ्या टाकीतसुद्धा तो काही महिन्यांत सगळी वाळू खाऊन रिकामी करतो आणि मग हळूहळू उपाशी मरतो, हे मला नंतर कळलं. आधी एका हाताचं टोक झिजल्यासारखं झालं, मग तो हात गळला. अकराव्या दिवशी उचलायला गेलो तर भिजलेल्या बिस्किटासारखा हातात विरघळला. या प्राण्याला घरगुती टाकीत आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कितीही गोड दिसत असला तरी.

मग टर्बो. टर्बो म्हणजे बुलडोझर, लिंबाएवढी, वाटेत येईल तो दगड लोटून देणारी, आणि खाणं प्रचंड. हिरवं केसाळ शेवाळ माजलेल्या टाकीत एक टर्बो आठवड्यात चमत्कार करते, पण माझ्याकडे बारा चमत्कार होते आणि एक केस नव्हता. त्या काचेवरून रात्रभर फिरायच्या, वरपासून खालपर्यंत, परत वर. मला वाटायचं काय मेहनती आहेत. काम करतायत असं वाटत होतं, शोधत होत्या त्या.

एक मेलेली गोगलगाय ओळखायला फार हुशारी लागत नाही, नाक लागतं. पडून आहे, हलत नाही, म्हणून मी उचलून नाकाशी नेली. मित्रांनो, सडलेली अंडी, उन्हात राहिलेली कोळंबी आणि गटार हे तिन्ही एकत्र आठवा. नेमकी तेव्हा पोह्यांची ताटली दुसऱ्या हातात होती, जीरावन-शेव घातलेली, ती तशीच राहिली. आणि हे फक्त वासापुरतं नसतं, एवढं मांस टाकीत सडलं की अमोनिया परत वर, म्हणजे एक मेली की बाकीच्यांचं पाणी खराब.

बाकीचं काम हर्मिटांनी केलं. या खेकड्याला स्वतःचं कवच पुढूनच असतं, मागचा अर्धा देह मऊ, म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो. वाढला की मोठा शंख हवा. आणि मोठा शंख जर रिकामा नसेल, आत मालक राहत असेल, तर तो मालकाला बाहेर काढतो, खातो, आणि गृहप्रवेश करतो. मी एकही जादा शंख ठेवला नव्हता. एका सकाळी लेक ओरडत आली, "पप्पा, टर्बोला पाय फुटले!" बघतो तर टर्बोच्याच शंखाखालून निळे-काळे पाय.

या सगळ्या धामधुमीत सुखात होत्या फक्त नॅसॅरियस. कारण त्या शेवाळ खातच नाहीत! त्या मेलेलं खातात, उरलेलं मांस, माशांचं खाली पडलेलं खाणं. टाकीत मासा एकही नाही आणि उष्टं काढायला चौदा जणी, हा माझा हिशोब. दिवसभर वाळूत गाडून घेतात, वर फक्त सोंड, स्नॉर्कलसारखी. पाण्यात वास आला की सगळ्या एकदम वाळू फोडून वर येतात आणि घाईघाईने निघतात, पंगत बसली अशी वर्दी मिळाल्यासारख्या. पहिल्यांदा तो सोहळा बघून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. त्या कोणाच्या मयताला निघाल्यात हे लक्षात आल्यावर लेकीने तोंड फिरवलं.

विसाव्या दिवशी डायरीत हजर १९.

बाबांनी तेव्हा मला बदलीवाल्यांची गोष्ट सांगितली, म्हणजे मला ती माहीत होती पण अशी नाही. गिरणीत कायम कामगार असायचे आणि बदली असायचे. बदलीवाले पाळीच्या आधी गेटवर येऊन उभे राहायचे, जॉबर आत बघायचा आज किती गैरहजर, किती साचे चालणार, आणि तेवढेच आत घ्यायचा. बाकीचे डबा तसाच घेऊन घरी. "मला ते आवडायचं नाही," बाबा म्हणाले, "दहा माणसं तोंडाकडे बघतायत आणि आपण तिघांकडे बोट करायचं. पण दहाही आत घेतले असते तर सात जण दिवसभर साच्यांमधून नुसते फिरले असते आणि पगाराला हात हलवत गेले असते. तुझ्या त्या मोठ्या गोगलगायी फिरत होत्या ना काचेवरून, तशा." मग जरा थांबून म्हणाले, "पुढच्या वेळी आधी काम निघू दे."

काम निघालं सातव्या-आठव्या आठवड्यात. आधी वाळूवर एक तपकिरी सावली, मग दोन दिवसांत काच, दगड, पंप, सगळ्यावर चहाच्या गाळासारखा थर. हे डायटम, एकपेशी सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत येतातच, पाण्यातली आणि वाळूतली सिलिका संपेपर्यंत राहतात आणि बरेचदा आपणहून जातात. दुसऱ्या कोणी घाबरून औषध ओतलं असतं, मी मात्र आनंदाने ओरडलो, बाबा, काम आलं!

"किती?"

"भरपूर."

"मग चार बोलाव."

चार? मी म्हटलं एवढी टाकी भरलीय आणि चार? बाबा म्हणाले चार बोलाव, चार दिवस बघ, पुरे पडत नसतील तर गेट काय पळून जातंय.

या वेळी दुकानात मी यादी करून गेलो आणि नाही म्हणायला शिकून गेलो. अ‍ॅस्ट्रिया गोगलगाय नको, ती पाठीवर पडली की तिला उलटता येत नाही, तशीच पडून मरते किंवा हर्मिटच्या तोंडी जाते, आणि मी दिवसभर ऑफिसात. मार्गारिटा नको, ती थंड पाण्यातली, आपल्या २६ डिग्रीत हळूहळू शिजते, आणि मे महिन्यात इंदूर ४२ ला गेलं की पंखे लावूनही टाकी २८ च्या खाली येत नाही. नेराइट चांगली, पण ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली, तिला पाण्याबाहेर फिरायची सवय, सकाळी सोफ्याखाली सापडते. दुकानदाराने समुद्रकाकडी दाखवली, काकडीसारखा दिसणारा एक समुद्री प्राणी, वाळू एकदम चकाचक करेल म्हणे. तिला मात्र मी हात जोडले. आपल्याकडे सगळ्या समुद्रकाकड्या २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या ओळीत. शिवाय काही काकड्या मेल्या किंवा घाबरल्या की असं विष सोडतात की टाकीतले मासेही जातात. अपराधही आणि पश्चात्तापही, एका किमतीत.

घेतल्या त्या चार छोट्या ट्रोकस आणि सहा सेरिथ. सहा कशा झाल्या ते बाबांना सांगितलं नाही, त्या फारच लहान होत्या. ट्रोकस म्हणजे भोवऱ्यासारखी, पडली तर स्वतः उलटते, डायटम खाते, कोवळं हिरवंही खाते. तिची एक मोठी जात आहे, जिच्या शिंपल्याची पूर्वी शर्टाची बटणं निघायची, ती आपल्याकडे संरक्षित यादीत आहे, ही ती नव्हे. सेरिथ म्हणजे बारीक लांबट, टोकदार, दिवसा वाळूत झोपणारी. आपल्या सराफ्यातल्या खाऊगल्लीसारखं तिचं आहे, दिवसा बंद आणि रात्री दहानंतर खरी गर्दी. फक्त टॉर्च पांढरा लावला की दचकतात, म्हणून बाबांनी संक्रांतीच्या फाटक्या पतंगाचा लाल कागद टॉर्चला रबराने लावला. रात्री जेवण झालं की लाल उजेडात मस्टर. बायको म्हणते घरात सिनेमा चालू आहे असं गल्लीतून दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी हाक मारली. काचेवरच्या तपकिरी थरात ट्रोकस फिरून गेली होती आणि तिच्यामागे स्वच्छ पट्टा, पण तो सपाट नव्हता, जवळून बघितलं तर बारीक बारीक तिरक्या रेघा, डावीकडे, उजवीकडे, एकसारख्या. गोगलगायीच्या तोंडात जीभेसारखी एक पट्टी असते, तिच्यावर ओळीने शेकडो दात, त्या कानशीने ती खरवडत पुढे जाते आणि डोकं डावं-उजवं हलवते. नेमकी ती काचेला तोंड लावून चाललेली, आपण बाहेरून बघतोय, ओठ उघडतात, कानस बाहेर येते, एक घास खरडते, परत आत. पुढे सरकते. परत. बाबांनी चष्मा काचेला टेकवला आणि दहा मिनिटं हलले नाहीत.

"ट्विल पडलीय," म्हणाले, म्हणजे कापडातली तिरक्या रेघांची वीण. "आणि एक धागा चुकलेला नाही."

सफाईला गोगलगाय ठेवायची ही युक्ती नवी नाही बरं का. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने आपला प्रयोग छापला होता, काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती. मासे आणि झाड एकमेकांना पुरवतील असा त्याचा विचार, पण झाडाची जुनी पानं कुजायला लागली आणि पाणी गढूळ झालं. मग त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजका माल खाल्ला आणि पाणी निवळलं, वर त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. मला यात आवडलं ते हे, की आधी पानं कुजली आणि मग गोगलगायी आल्या. मला हे कळायला अठ्ठावीस जीव आणि १७५ वर्षं लागली.

बाबांच्या हातून एकदा फार मोठी गडबड होता होता राहिली. उन्हाळ्यात टाकीतून रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून साधं आरओचं पाणी घालावं लागतं. मी ऑफिसातून आलो तर बाबा पाणी ओतायला उभे, आणि हातात त्यांचा तांब्याचा तांब्या. रात्रभर त्यात पाणी ठेवून सकाळी पिण्याची त्यांची पन्नास वर्षांची सवय, म्हणाले चांगलं असतं, यांनाही मिळू दे. मी जवळजवळ झडप घातली. तांबं म्हणजे या बिनकण्याच्या प्राण्यांना विष, अगदी थोडंसुद्धा, माशांच्या काही औषधांत तांबं असतं आणि ती टाकीत ओतली की गोगलगायी, खेकडे, झिंगे सगळे जातात. बाबा खूप वेळ तांब्याकडे बघत राहिले. आता टाकीसाठी प्लास्टिकचा पिवळा मग आहे, त्यावर लेकीने "फक्त समुद्र" असं मार्करने लिहिलंय.

आणि एक भ्रम माझा लेकीने काढला. मी पाहुण्यांना ऐटीत सांगत होतो की यांनी सगळा कचरा संपवला, तर ती म्हणाली, "पप्पा, पण त्या शी कुठे करतात?" आता इंदूरच्या पोरीला हे सांगावं लागत नाही, इथे ओला-सुका वेगळा करून गाडीत टाकला तरी तो पुढे देवगुराड्याला जातो आणि तिथे त्याचं काहीतरी केलं जातं हे तिला शाळेपासून माहीत. टाकीत गाडी येत नाही. गोगलगाय शेवाळ खाते आणि त्यातलं नायट्रेट-फॉस्फेट मागून पाण्यातच सोडते, ते बाहेर काढायचं काम माझं, आठवड्याला १८ लिटर पाणी बदलून. आणि तो लाल मऊ साय धरल्यासारखा थर आला, सायनोबॅक्टेरियाचा, तर त्याला कोणी तोंडही लावत नाही, तो मी बारीक पाइपने ओढूनच काढतो. म्हणजे दहा नव्या सफाईवाल्या आणि अकरावा मी.

डायटम तीन आठवड्यांत गेले. काच स्वच्छ, दगडांवर गुलाबी-जांभळे ठिपके यायला लागलेले, दोन क्लाउनफिश आत, म्हणजे नॅसॅरियसना एकदाचं काम लागलं. आणि ट्रोकस परत वरपासून खालपर्यंत फिरायला लागल्या. या वेळी ते फिरणं मला ओळखता आलं.

मी म्हटलं बाबा, काम संपलं. दुकानात परत देऊन टाकू का?

बाबांनी काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी नोरी मागवली, तो सुशीला लागतो तो समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद, बिनमिठा-मसाल्याचा. त्याचा तुकडा दगडाला बांधून सोडायचा असतो. मी रबर लावत होतो, सारखं सुटत होतं. बाबांनी दगड घेतला, शिवणाच्या डब्यातून पांढरा सुती दोरा काढला, दोन बोटांत टोकं धरली आणि काय केलं ते मला दिसलंच नाही, गाठ पडलेली होती. साच्यावर धागा तुटला की जोडायची ती गाठ. बोटं आता नीट मिटत नाहीत त्यांची, पण गाठ पडली. तेव्हापासून मंगळवार-शनिवार तो दगड त्यांच्याकडे.

मागच्या आठवड्यात रात्री लाल टॉर्च घेऊन ते टाकीसमोर बसले होते, बराच वेळ झाला तरी उठेनात. जाऊन बघितलं तर काचेच्या कोपऱ्यात, मोहरीपेक्षा लहान, एक, दोन, मग डोळा सरावल्यावर सात-आठ ठिपके. हलणारे. भिंग आणून बघितलं, भोवऱ्याचा आकार. ट्रोकसची पिल्लं.

बाबांच्या मांडीवर डायरी उघडी होती, पेनाचं टोपण काढलेलं, आणि हजरच्या पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"यांना आपण बोलावलेलं नाही," ते म्हणाले. "यांना कुठल्या खात्यात टाकू?"